छर्ऱ्यांचा चाकू

ज्ञानबा वारला तेव्हा अख्खं जवळा बाजार गाव म्हणू लागलं की देवमाणूस गेला. मी दुकानाच्या पायरीवर बसून ऐकत होतो आणि माझं डोकं तापत होतं. ब्याण्णव सालापासून दोन हजार सातपर्यंत, पंधरा वर्षं, मी त्या माणसाच्या शेजारी बसून धंदा केला. देवमाणूस कसला? हातात कला होती आणि जिभेला हाड नव्हतं, एवढंच. माणूस मेला की त्याच्या शिव्या खाल्लेले लोकच सगळ्यात आधी गळा काढतात. मी शिव्याही खाल्ल्या आणि काही विसरलोही नाही. त्याच्या लेकीचं जे झालं त्यात माझा वाटा किती होता, तेही विसरलेलो नाही.

माझं सायकल दुरुस्तीचं दुकान बाजार संपतो त्या वळणावर. ज्ञानबा पहिल्यांदा आला तो काठी टेकत, पाठीवर पोतं घेऊन. पोत्यात रुळाचा एक तुकडा, दोन हातोड्या, चार कानशी आणि एक घासायचा दगड. माझ्या पत्र्याच्या सावलीत पोतं अंथरून बसला. विचारलं नाही, सांगितलं नाही. मी म्हणालो, "मामा, ही जागा माझी हाय." तर म्हणाला, "सावली तुझ्या बापाची हाय का?" त्या दिवसापासून तो तिथंच.

घर मेंढरं राखणाऱ्यांचं. एडक्यानं धडक देऊन त्याचा गुडघा फोडला होता. ज्याला मेंढरामागं चालता येत नाही तो त्या घरात काय कामाचा? भावांनी वाटणी केली तेव्हा लंगडी, म्हातारी, कान कुरतडलेली अशी पंचवीस मेंढरं त्याच्या वाट्याला काढली आणि वर म्हणाले, तुझ्या पायाला शोभतील अशीच दिलीत. मग यानं चाकू करायला घेतले. बाजारातला लोहार पोट धरून हसला. पाच वर्षांत त्याच लोहाराकडचे मेंढपाळ झाडून ज्ञानबाच्या पोत्यापुढं बसू लागले, आणि तेव्हा ज्ञानबा त्याच्याकडं बघून पोट धरून हसला. दयामाया दोघांकडंही नव्हती.

त्याच्या चाकूत असं काय होतं ते सांगायला हवं. घडीचा चाकू, पातं मुठीत मिटणारा. मेंढपाळ मेंढीचे खूर तासायला बसतो तेव्हा जनावर डाव्या काखेत दाबलेलं असतं. मोकळा असतो एकच हात. चाकू खिशातून काढायचा, पात्यावरच्या खाचेत पुढचे दात रोवायचे, मूठ हिसडून ओढायची, पातं उघडलं की मांडीला टेकवून सरळ करायचं आणि कामाला लागायचं. आजा तसंच उघडायचा, बाप तसंच उघडायचा. दोन्ही हात मोकळे असले तरी हे लोक चाकू दातानंच उघडतात. हाताला ती सवयच नाही.

आता असल्या चाकूला मागं कमान नाही, खटका नाही. पातं उघडं राहायचं ते सांध्याच्या पकडीवर. पकड घट्ट झाली तर दात हलतो. सैल झाली तर खूर तासताना पातं बोटावर मिटतं. या दोहोंच्या मधली जागा ज्ञानबाला सापडली होती. फुटक्या पितळी तांब्याच्या पत्र्यातून तो दोन वायसर, म्हणजे गोल चकत्या, कापायचा, दगडावर राख आणि एरंडेल घालून अर्धा दिवस घासायचा, कागदाएवढे पातळ करायचा. पात्याच्या दोन्ही अंगांना एकेक वायसर, मधून सायकलच्या आसाच्या तुकड्याचं रिबिट. मग रिबिटावर हातोडी. एक ठोका, उघडून बघ. अर्धा ठोका, उघडून बघ. पातं अर्ध्यात सोडलं तर तिथंच थांबलं पाहिजे, पडता कामा नये, आणि ओढलं तर कुरकुर न करता आलं पाहिजे. ते आसाचे तुकडे मी द्यायचो. त्यानं कधी आभार मानले नाहीत.

आणि ठोके किती घालायचे हे तो गिऱ्हाइकाचे दात बघून ठरवायचा. समोर माणूस बसला की पहिला शब्द, "दात दाखव." मेंढरं दोनदाती, चारदाती बघून वय सांगणाऱ्यांपैकी तो. माणसाचीही तीच गत करायचा, भर बाजारात, मोठ्या आवाजात. कुरुंद्याचा संतराम नावाचा म्हातारा यायचा. त्याचा जबडा बोटानं उघडून ज्ञानबा म्हणाला, "चार दात हायत, त्यातले दोन नुसते पाव्हणे. तुला चाकू कहाला? सुनेला म्हण, चावून दे." लोक खदाखदा हसले. संतरामही हसला, पण हसताना त्यानं तोंडावर हात धरला होता, आणि पुढं कायमचाच धरू लागला. त्याला ज्ञानबानं असा चाकू करून दिला की त्या दोन पाव्हण्या दातांनीही अलगद उघडावा. म्हातारा तो चाकू मरेपर्यंत वापरत होता, पण बाजाराला यायचा बंद झाला.

तर असा माणूस. बायको शकुबाई, नवऱ्याच्या आवाजापुढं आयुष्यभर दबलेली. आणि एकच लेक, सिंधूबाई.

सिंधूचं लग्न विशीच्या आत झालं. सात वर्षांत लेकरू झालं नाही म्हणून नवऱ्यानं काडीमोड दिली. ती परत आली आणि त्या पंचवीस लंगड्या मेंढरांच्या मागं लागली. दहा वर्षांत त्यांची साठ केली. मेंढी अडली की लोक तिला बोलवायला यायचे, कारण तिचा हात बारीक होता आणि ती घाबरायची नाही. दुपारी बापाची भाकरी घेऊन बाजारात यायची. बाप चारचौघांत म्हणायचा, "आली आमची भाकड." ती भाकरी ठेवायची, पाण्याचा तांब्या ठेवायची आणि जायची. तिच्याबद्दल एकच चांगली गोष्ट त्याच्या तोंडून मी ऐकली. तिचा चाकू तो सगळ्यात घट्ट करायचा आणि म्हणायचा, "असे दात पंचक्रोशीत न्हाईत. लोखंडाचा खिळा वाकवंल माझी पोरगी." दात तिचे खरंच देखणे होते, आणि हसली की माणूस बघत राहायचा. हसायची मात्र क्वचित.

दोन हजार तीन साली तिला पुन्हा घर मिळायची वेळ आली. डोंगरकडा गावचा परमेश्वर नावाचा गडी, वय अडतीस, बायको वारलेली, मूलबाळ नाही. काही वर्षं औरंगाबादला कारखान्यात काढून परत येऊन शेती करत होता. बाजारात सिंधूनं एक अडलेली मेंढी मोकळी केली ती त्यानं उभं राहून बघितली आणि माझ्या दुकानात येऊन विचारलं, "ही बाई कोणाची?" मीच मध्ये पडलो. पाट लावायचं ठरलं, पौषानंतर. शकुबाई माझ्यासमोर रडली. म्हणाली, "आमी दोघं गेलो की हिचे काका हिला दारातबी उभं करणार न्हाईत, रामप्रसाद. मेंढरं हाकून नेतील अन् हिला बाहेर काढतील." हे खरंच होतं, सगळ्या गावाला ठाऊक होतं. सिंधूला ते घर मिळालं नाही तर तिला दुसरं काहीच मिळणार नव्हतं.

आणि तिला जायचं होतं. फक्त आईच्या भीतीपायी नाही. एका दुपारी ती माझ्या दुकानाशी थांबली आणि चाकाकडं बघत म्हणाली, "रामप्रसादभाऊ, डोंगरकड्याला इथून सायकलनं किती टाइम लागतो?" मी म्हणालो, कोण चालवतंय त्यावर हाय. "मी चालवली तर?" असं म्हणाली आणि हसली. छत्तीस वर्षांची बाई, पण पोरीसारखी लाजून पळाली.

बोलणी पक्की व्हायच्या दिवशी परमेश्वरनं घोटाळा केला. वाईट हेतूनं नाही, कौतुकानं. खिशातून एक चाकू काढला, कारखान्यातल्या टर्नर दोस्तानं करून दिलेला. सांध्यात वायसरच्या जागी बारीक छर्ऱ्यांचं बेअरिंग. अंगठ्यानं नुसतं टोकलं की पातं आवाज न करता उघडून खटक्यावर बसायचं. तो म्हणाला, "मामा, आता दातानं कोण उघडतं? वायसरचा जमाना गेला." ज्ञानबानं तो चाकू हातात घेतला, चार वेळा उघडला, मिटला. त्याचा चेहरा उतरलेला मी पाहिला आणि खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. मग तो म्हणाला, "पाटाच्या दिवशी याच्याहून मोकळा चाकू तुझ्या हातात देईन. न्हाई दिला तर हातोडी इहिरीत टाकीन."

दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर हात पसरला. "ए पंक्चर, छर्रे दे."

मला तो अकरा वर्षं पंक्चर म्हणत होता. मी फ्रीव्हीलमधले छर्रे काढून दिले, साबुदाण्याएवढे. त्यानं पितळी पट्टीला गोल भोकं पाडून छर्रे बसवायची जाळी केली, आणि मग सवयीनं रिबिट ठोकलं. एक ठोका, अर्धा ठोका. पातं दगडासारखं बसलं. उकललं तर छर्ऱ्यांनी मऊ लोखंडात खड्डे पाडलेले. दुसरा केला, तोही गेला. छर्ऱ्याला दाबून चालत नाही, हे मला पोरवयापासून ठाऊक. पेडलच्या छर्ऱ्यांवरचा कोन, म्हणजे निमुळता नट, आवळायचा आणि पाव फेरा मागं घ्यायचा, तेव्हा चाक फिरतं. वायसर घासत फिरतो म्हणून पकड देतो, छर्रा घरंगळतो म्हणून पकड देतच नाही. हे मी त्याला सांगितलं. चांगल्या शब्दांत सांगता आलं असतं. पण बाजाराचा दिवस होता, सात-आठ माणसं बसलेली होती, आणि मी ओरडून म्हणालो, "मामा, आधी दात दाखवा, मग सांगतो किती आवळायचं ते!"

लोक जे हसले ते अजून माझ्या कानात आहे. अकरा वर्षांचं हसले. कोणी तरी खरंच त्याचा जबडा धरायला हात पुढं केला. ज्ञानबानं रिबिट बाजूला टाकलं. त्यानं नट बसवला, मी सांगितलं तसा आवळला, पाव फेरा मागं घेतला. पातं वाऱ्यासारखं फिरायला लागलं. मी म्हणालो, "आता मागं खटका बसवा. न्हाईतर मिटलेलंबी राहायचं न्हाई अन् उघडलेलंबी राहायचं न्हाई." तो म्हणाला, "कळतंय मला." आणि सगळं सामान पोत्यात भरून घरी घेऊन गेला. पुढचं काम त्यानं माझ्या डोळ्यांसमोर केलं नाही. माझ्या समोर बसून केलं असतं तर खटका बसल्याशिवाय तो चाकू मी हलू दिला नसता, असं मी स्वतःला पुष्कळदा सांगितलं आहे.

त्याची एक रीत होती. धार आधी लावायचा, सांधा नंतर जुळवायचा. म्हणायचा, धारेनं पात्याचं वजन बदलतं, मग पकड बदलते. वायसरच्या चाकूला ते शोभत होतं, कारण पातं हललंच तर हळू हलायचं. छर्ऱ्यांच्या चाकूलाही त्यानं तेच केलं. वस्तऱ्यासारखी धार लावली आणि खटका उद्या बसवू म्हणून दाराजवळच्या खुंटीला पिशवीत अडकवून ठेवला. आणि आल्या-गेल्या प्रत्येकाला बजावलं की तो दातानं उघडायचा चाकू नाही. शेजाऱ्याला सांगितलं, भावाला सांगितलं, परमेश्वरला तर निरोप धाडला. सिंधूला सांगितलं नाही. तिचा त्या चाकूशी संबंध काय, असं त्याला वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊचा सुमार. ज्ञानबा बाजारात आलेला. सिंधूचा स्वतःचा चाकू त्याच्या पोत्यात होता, वायसर बदलायला काढलेला. आणि घरी एक मेंढी अडली. पुढचं मला शकुबाईनं सांगितलं. सिंधूचा डावा हात मेंढीच्या आत होता. कोकराच्या मानेला नाळ आवळली होती. ती ओरडली, "आई, चाकू दे, लौकर!" शकुबाईनं खुंटीवरची पिशवी उलटी केली आणि जो चाकू पडला तो लेकीच्या उजव्या हातात दिला. सिंधूनं बघितलंही नाही. दात रोवले आणि मूठ हिसडली, घट्ट चाकूला हिसडायची तशी, सगळा जोर लावून.

पातं दातातून निसटलं आणि गर्रकन फिरलं. ओठाच्या कोपऱ्यातून शिरलं आणि गाल कानाच्या जवळपर्यंत उघडला. जिभेची कडाही गेली. शकुबाई म्हणाली, आधी मला गालातून दाढा दिसल्या, रक्त मागून आलं. सिंधूनं तसल्या अवस्थेत तोच चाकू उचलला, नाळ कापली, कोकरू ओढून काढलं आणि मग खाली बसली. कोकरू जगलं.

वसमतला जीपमधून नेलं. डॉक्टरनं आत-बाहेर मिळून एकोणतीस टाके घातले, आणि चांगले घातले. महिनाभर बोलायचं नाही, तोंड हलवायचं नाही, नळीनं दूध-पेज घ्यायची. हनुवटीखालून डोक्यावर पट्टी बांधून तिला घरी आणलं. मी भेटायला गेलो तेव्हा ज्ञानबा तिच्या अंथरुणाशी उभा राहून ओरडत होता. "अक्कल कुठं गेली व्हती तुझी? छर्ऱ्याचा चाकू दातानं उघडतेत का? साऱ्या दुनियेला कळतंय, तुला काहून कळंना?" ती त्याच्याकडं बघत होती. उत्तर द्यायला तोंड नव्हतं. मला त्याचा इतका राग आला की मी बसलोही नाही.

पण खरा राग पुढच्या बाजाराला आला. तो पोतं अंथरून बसला आणि प्रत्येकाला सांगत राहिला, "पंक्चरवाल्याचे छर्रे नासके निघाले. माझ्या वायसरनं आजवर कोणाला ओरखडा काढला का?" मी उठून म्हणालो, "छर्रे बराबर व्हते. खटका कोणी बसवला न्हाई ते सांगा." तो म्हणाला, "चाकूत खोट न्हाई. पोरीत खोट हाय." आणि हे दाखवायला त्यानं काय केलं असेल? तोच चाकू धुऊन, पुसून, मागं खटका बसवून, संध्याकाळच्या आत कळमनुरीकडच्या एका माणसाला विकला. घेणारा खूश होता. अंगठ्यानं टोकत टोकत गेला.

आठवड्यानं परमेश्वर माझ्या दुकानात आला. त्याची आई आदल्या दिवशी सिंधूला बघून गेली होती, पट्टी सोडायला लावून, जवळ जाऊन. घरी जाऊन तिनं नको म्हणून सांगितलं होतं. मला वाटलं, हाही नको म्हणायलाच आला. तो म्हणाला, "चला माझ्यासंगं, भाऊ. मी ठरलेलं मोडणार न्हाई. आईला मी बघतो." रस्ताभर तो खाली बघत चालत होता. मध्येच म्हणाला, "माझ्या मोठेपणापायी झालं हे. मी तो चाकू दाखवायलाच नको व्हता." तेवढं म्हणणारा आमच्यात तो एकटाच.

अंगणात बाज टाकली होती. ज्ञानबा आणि परमेश्वर बाजेवर बसले, घराकडं पाठ करून. मी समोर पोत्यावर, म्हणून मला दार दिसत होतं. चहा आला. परमेश्वर म्हणाला, "मामा, ठरल्या दिवशी पाट लावू. चेहऱ्याचं काय, एवढं सोसून घेऊ आपण."

सोसून घेऊ. साधा शब्द होता, भल्या मनानं आलेला. ज्ञानबानं कपबशी खाली ठेवली. "सोसून घ्यायला माझी पोरगी काय दुखणं हाय का? मेहरबानी करून राहिला का आमच्यावर? आज तू सोसशील, उद्या तुझी माय ऐकवंल, परवा सगळा डोंगरकडा."

"तसं न्हाई मामा. तिला तर इचारा."

"तिला काय इचारायचं? मी बोलून राहिलो ना!"

तेव्हा सिंधू दारात आली. पांढरी पट्टी, वरचा अर्धा चेहराच मोकळा. ती माझ्याकडं बघत होती आणि मान हलवत होती. खालीवर, जोरानं, पुन्हा पुन्हा. व्हय. व्हय. तिला सांगायचं होतं ते एखाद्या वेड्यालाही कळलं असतं. पट्टीवर गालाशी लाल ठिपका उमटला आणि वाढत गेला, तरी ती थांबेना. मग शकुबाईनं मागून तिचा दंड धरला. "आत हो. असलं तोंड घेऊन कुठं चाललीस पावण्यापुढं?" सिंधूनं चौकट धरली होती. आईनं एकेक बोट सोडवलं आणि तिला आत ओढलं.

परमेश्वर माझ्याकडं वळला. "भाऊ, तुमी मधले हात. तुमी सांगा, काय करावं?"

माझ्या जिभेवर होतं. ती व्हय म्हणतेय, एवढे तीनच शब्द. पण माझ्या डोक्यात बाजार होता. नासके छर्रे होते. पंक्चर होतं. मला वाटलं, बसू दे म्हाताऱ्याला आपल्या मिजाशीत, होऊ दे त्याचं वाटोळं, चार दिवसांनी येईल नाक घासत आणि मग सांगू. त्या क्षणी माझ्या लेखी सिंधू नव्हतीच, फक्त तिचा बाप होता. मी कपात बघत म्हणालो, "घरचा मामला हाय. मी काय बोलणार?"

परमेश्वरनं कप खाली ठेवला. मग उठला, ज्ञानबाच्या पाया पडला आणि गेला. मी चहा संपवला.

ज्ञानबा नाक घासत आला नाही. माझ्याकडंही नाही आणि डोंगरकड्यालाही नाही. तो आपला वायसर घासत बसला. मीही रोज उद्या सांगू, उद्या सांगू करत दुकान उघडत राहिलो. सतरा दिवस गेले. अठराव्या दिवशी बातमी आली की परमेश्वरच्या आईनं औंढ्याकडची एक बाई बघून पाट उरकून घेतला.

त्यानंतर चार दिवसांनी सिंधूची पट्टी कायमची सोडायची होती. ज्ञानबाचा पाय अधू, म्हणून मीही बरोबर गेलो. डॉक्टरनं पट्टी सोडली. गालावर जांभळी, उंचवट्याची रेघ राहिली, आणि ओठाचा तो कोपरा पुरता मिटत नव्हता. डॉक्टर म्हणाले, आता बोला, हळूहळू, घाई नको.

वसमतच्या स्टँडवर आम्ही बाकावर बसलो, ती मध्ये. ज्ञानबानं बशीत चहा ओतून तिच्यापुढं धरला. तिनं घेतला नाही. तो म्हणाला, "बोलून तर बघ कायतरी. आवाज निघतो का बघू."

तिनं पदरानं ओठाचा कोपरा पुसला. मग सावकाश, एकेक अक्षर जुळवत म्हणाली, "मी व्हय म्हणत व्हते."

ओठ मिटत नसल्यामुळं मधून हवा सुटली, पण शब्द स्पष्ट होते. ज्ञानबानं कान देऊन ऐकलं, चाकूचा आवाज ऐकावा तसं. "आलं की बराबर," तो म्हणाला. "थोडं वारं निसटून राहिलं, ते बसंल हळूहळू." आणि बशीतला चहा स्वतःच पिऊन टाकला.

सिंधूनं त्याच्याकडं बघितलंच नाही. ती माझ्याकडं वळली. "तुमाला दिसलं व्हतं, भाऊ," म्हणाली.

मी उठलो आणि गाडी लागली का ते बघायला गेलो.